ख्रिस्ती मूलतत्त्ववाद कुठून आला? आजच्या चर्चपुढच्या अडचणी त्याच्यामुळेच आहेत का?

आमच्या नगरच्या घरात हा विषय निघाला की कुणीतरी ताटावरून उठतंच, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मूलतत्त्ववाद, म्हणजे फंडामेंटालिझम, हे काही पहिल्या शतकातलं अस्सल ख्रिस्तीपण वगैरे नाही. वय शंभर-सव्वाशे वर्षं. डार्विन आणि बायबलची जर्मन पंडितांनी केलेली चिकित्सा, या दोन्हींची धास्ती त्यामागे होती. 1910 साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी पाच मुद्दे पक्के केले: पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) चूक नाही, येशूचा कुमारीपोटी जन्म, आपल्या पापांबद्दल क्रुसावर मरण, सदेह पुनरुत्थान, चमत्कार. त्याच वर्षापासून 1915 पर्यंत 'द फंडामेंटल्स' या बारा पुस्तिका निघाल्या. पैसा कॅलिफोर्नियातल्या तेलवाल्या लायमन स्टुअर्टचा आणि त्याच्या भावाचा. पाळकांना, मिशनऱ्यांना फुकट वाटप. पुढे 1925 चा स्कोप्स खटला, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून मास्तरवर भरलेला, गाजला.

आता आमच्याकडचं. आजीच्या स्मरणार्थ घरी उपासना होती. हार्मोनियमवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग झाले, मग मी आजीच्या बायबलचं पहिलं कोरं पान वाचून दाखवलं. त्यावर शाईनं घराण्याची नावं आहेत. पणजोबा 1900 च्या दुष्काळात मिशनकडे आलेलं पोर. त्यांच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख. वर त्यांच्या आईचं नाव, पुढे नुसती रेघ. ती त्याच दुष्काळात गेली, येशूचं नावही न ऐकता. आमचे दाजी दोन वर्षांमागे बुडवून बाप्तिस्मा घेऊन एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र मंडळीत, गेलेत. ते भरल्या घरात म्हणाले, "दादा, शास्त्र स्पष्ट आहे. तिचं तारण नाही." म्हणजे तिला मुक्ती नाही. शिवाय अभंग म्हणजे मूर्तिपूजकांची चाल, हेही ऐकवलं. आई उठून आत गेली. पुलाव तसाच राहिला.

दाजींना वाटतं, हा प्रश्न त्यांच्या पास्टरनंच पहिल्यांदा सोडवला. अहो, नगरच्याच मिशनरी रॉबर्ट ह्यूमसाहेबांनी 1886 साली रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरला भाषण केलं आणि ज्यांनी ख्रिस्ताबद्दल कधी ऐकलंच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळेल, या मताची बाजू घेतली. त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेनं त्यांचं परतणंच अडवून धरलं. मोठा गदारोळ झाला, 1887 मध्ये परवानगी मिळाली. 'फंडामेंटालिस्ट' हे नावही तेव्हा नव्हतं, भांडण मात्र हेच. दुष्काळात माणसं जगवणारा हा मिशनरी, आणि टिळक शिकवायचे ते त्यांच्याच सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत. म्हणजे दाजी ज्या दोन गोष्टींवर नाक मुरडतात, त्या दोन्ही इथल्या ख्रिस्तीपणाच्या पायात आहेत.

गंमत म्हणजे त्या पुस्तिकांतले सगळे लेखकसुद्धा इतके कडवे नव्हते. त्यांत लिहिणाऱ्या जेम्स ऑर यांना पृथ्वी लाखो वर्षं जुनी असण्यात काही अडचण वाटत नव्हती. देवानं जग घडवलं ते सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच, हा हट्ट जोरात आला तो नंतर.

आजच्या अडचणी यामुळेच का? अमेरिकेत बऱ्याच अंशी हो. 1979 मध्ये पाळक जेरी फॉलवेलनं 'मोरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली आणि चर्चच्या बाकावरून थेट मतपेटीकडे रस्ता झाला. ते राजकारण नकोसं होऊन चर्च सोडलेले तरुण तिथे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे सगळं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. आमच्या जुन्या मंडळ्या (चर्च) मिशन कंपाउंडच्या जमिनींवरून कोर्टात, उपासनेला पिकली डोकी, आणि पाळक आजाऱ्याकडे फिरकत नाहीत. वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्री उशाशी बसायला दाजींच्याच फेलोशिपची पोरं आली होती, हेही लिहायला हवं.

तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी जायला लागलं असेल तर वचनाला वचन लावून वाद घालू नका, त्यात ते तयारीचे असतात. आपल्या घराण्यातल्या बाप्तिस्मा न घेता गेलेल्या माणसांची नावं घ्या आणि विचारा, यांचं काय? दाजींनी अजून मला उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं ते पास्टरचं होतं.