नागपूरहून जर्मनीत एमएसला जातोय, तिथे नीट निभावायला काय करावं?

भाऊ, मी धरमपेठेतून गेलो होतो, म्हणून सांगतो. सगळ्यात आधी परीक्षेची नोंदणी. प्रत्येक विषयासाठी पोर्टलवर आपणच नाव टाकायचं असतं, आठवण कोणी करून देत नाही. माझी एक तारीख चुकली, पेपर पुढच्या सत्रात गेला, आणि घरी दोन महिने सांगायची हिंमत झाली नाही. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तेव्हा अडलं की लगेच प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा, लाजू नका.

काम वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येतं. पण हॉटेलात भांडी घासण्याआधी विभागातच सहायकाचं काम शोधा, त्याला तिथे ‘हिवी’ म्हणतात. ते या दिवसांत मोजत नाहीत आणि प्रबंधाचा विषयही बरेचदा तिथूनच हाती लागतो.

डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. आपल्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो फार लागतो. दुपारी अर्धा तास तरी बाहेर चाला. आणि रविवारी दोनला घरी फोन लावा. हिवाळ्यात नागपुरात तेव्हा साडेसहा झालेले असतात, आई चहा घेऊन वाट बघत असते.