जेलकोट काढला तर कयाक हलकी होईल का?

प्रश्न: मी सिअ‍ॅटलला असते, सतरा फुटी फायबरची सी-कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद बोट) बनवून घेतेय. गाडीच्या टपावर एकटीलाच चढवावी लागणार म्हणून वजन कमी हवंय. बनवणारा म्हणतो जेलकोट (बाहेरचा रंगीत, चकचकीत थर) नकोच, क्लिअर म्हणजे बिनरंगी ठेवू, अडीच किलो तरी वाचेल. ऐकू का त्याचं?

उत्तर: आकडा बरोबर सांगतोय तो. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड मारतात, म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास, आणि तुमची बोट खालून-वरून मिळून साडेचार चौरस मीटर धरली तर पावणेतीन किलो नुसता जेलकोटच झाला की! त्याने बोटीला ताकद येत नाही, ताकद असते आतल्या फायबर कापडाची आणि ते घट्ट धरणाऱ्या रेझिनची, पण घासणं सोसायला तोच असतो. तुमच्याकडे प्युजेट साउंडला (सिअ‍ॅटलच्या खाडीत) वाळू कमी, गोटे फार आणि त्यांना चिकटलेले बार्नकल (धारदार कवचाचे समुद्री जीव), तिथे बोट जरा ओढली तरी चरे पडणार. जेलकोटमधला चरा भरून पॉलिश करता येतो, क्लिअर बोटीत तो लगेच कापडापर्यंत जातो आणि कापड केव्हलारचं (एक चिवट कृत्रिम धागा) असेल तर धागे फुलून येतात, सँडपेपर मारला की अजूनच फुलतात.

म्हणून माझं स्पष्ट मत, फक्त डेकचा, म्हणजे बोटीच्या वरच्या भागाचा, जेलकोट काढा. डेक दगडावर घासत नाही, तिथे सव्वा किलो आरामात वाचतं. मात्र उन्हाने इपॉक्सी (एक प्रकारचं रेझिन) पिवळी पडते, केव्हलार कमजोर होतं, त्यामुळे वरून यूव्ही वार्निश (उन्हापासून वाचवणारं) हवंच. उघडं काळं कार्बन फायबरचं कापड मी तरी घेणार नाही, टपावर उन्हात इतकं तापतं की साध्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी मऊ पडू शकते.

खालच्या बाजूला जेलकोट पांढरा घ्या प्लीज, पांढरा पातळ थरातही झाकतो, लाल-पिवळ्याला जास्त थर लागतात म्हणजे परत वजन. जेलकोटऐवजी टू-पार्ट पीयू पेंट (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) हा पण पर्याय आहे, जेमतेम ०.१ मिलिमीटर, वजन अर्धा-पाऊण किलोत भागतं, पण गोट्यांवर तो टिकणार नाही, धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या रेसच्या बोटींना ठीक.

आणि हो, ऑर्डर देताना जेलकोटची जाडी लिहून घ्या, स्प्रे मारताना टोकांना आणि कोपऱ्यांत तो सहज दुप्पट बसतो, वजन वाढतं ते वाढतं वर जाड जेलकोटला पुढे बारीक तडे जातात.