कुकरमधले ओट्स

प्रश्न : ताई, सफरचंद-दालचिनी घालून कुकरला ओट्स लावले की शिट्टीतून फेस उडतो, सगळा ओटा चिकट! काय करू?

उत्तर : अहो ओट्स डायरेक्ट कुकरात घालूच नका, फेसाने शिट्टीची नळी तुंबते आणि ते धोक्याचंय. वरणभाताचा डबा घ्या, त्यात 1 वाटी साधे रोल्ड ओट्स, अडीच वाटी पाणी, सफरचंदाच्या फोडी, मनुका, दालचिनीचा छोटा तुकडा, पण डबा अर्धाच भरा, वर झाकण, कुकरच्या तळाला नेहमीसारखं पाणी, मग मध्यम आचेवर 2 शिट्ट्या नि वाफ आपोआप जिरू द्या. इन्स्टंटवाले असतील तर कुकर कशाला काढताय, पातेल्यात होतात. दूध, वेलचीपूड नंतरच. गूळ हवा तर जरा निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. केळं मात्र वरूनच, शिजवलं की मला तरी अजिबात आवडत नाही.