दहा वर्षांच्या मुलीसाठी टेबल टेनिसची पहिली बॅट कोणती घ्यावी?

तुमची मुलगी साताऱ्यात नुकतीच क्लासला जायला लागली आहे आणि दुकानदार कार्बनची बॅट "एकदाच घ्या, पाच वर्षं बघायला नको" म्हणून गळ्यात मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. ती घेऊ नका.

ब्लेड म्हणजे रबराखालची लाकडी फळी. तिच्या थरांत कार्बन असला की चेंडू झटकन सुटतो. शिकाऊ मुलाचे फटके टेबलाबाहेर जायला लागतात, मग ते मूल हात आखडतं आणि फटका पूर्ण न करता नुसती बॅट आडवी धरतं. ही सवय हातात बसली की सोडवणं फार जड जातं. शिवाय पाच वर्षं टिकतं ते फक्त लाकूड. रबर आठवड्यातून चार-पाच दिवस खेळलं तर सहा-आठ महिन्यांत गुळगुळीत होतं आणि बदलावंच लागतं.

ब्लेड पाच प्लायचं (म्हणजे पाच थरांचं), संपूर्ण लाकडाचं आणि 'ऑलराउंड' प्रकारातलं घ्या. स्टिगा कंपनीचं ऑलराउंड क्लासिक हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. वजन ब्लेडवर नेहमी छापलेलं नसतं, म्हणून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा: 80 ते 85 ग्रॅम. कापलेलं एक रबर साधारण 40-45 ग्रॅमचं असतं, म्हणजे तयार बॅट 170 च्या आसपास जाते. दहा वर्षांच्या मनगटाला याच्यावर नको. मूठ खाली रुंद होणारी, म्हणजे फ्लेअर्ड, घ्या. हातातून निसटत नाही.

खरा विचार रबराचा करा. दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचं रबर लावा, दाणे आत असलेलं (म्हणजे वरून सपाट), मऊ ते मध्यम स्पंजचं (स्पंज म्हणजे रबराखालचा मऊ थर), स्पंजची जाडी 1.8 मिलिमीटरच्या जवळपास. यासाका मार्क फाइव्ह किंवा बटरफ्लाय स्रायव्हर ही जुनी, भरवशाची नावं. 2.1 किंवा 'मॅक्स' (सगळ्यात जाड) नको. स्पंज जाड झाला की वेग वाढतो आणि पुन्हा तोच प्रश्न. चिनी चिकट रबराला पूर्ण हाताचा जोरदार फटका लागतो, तेही आत्ता नको. रबरावर मुठीजवळ आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का असावा आणि एक बाजू काळीच असावी, नाहीतर स्पर्धेत पंच बॅट बाद करू शकतात.

रबर घरी चिकटवणार असाल तर पाण्यावर आधारित, टेबल टेनिसचाच गोंद आणा. ब्लेडवर एक पातळ हात, स्पंजवर एक. पांढरा गोंद पारदर्शक होईपर्यंत थांबा. घाई केली की आत ओल राहते आणि फुगे येतात. मग मुठीकडून वर सरकत रबर टेकवत जा, बाटली फिरवून दाबा. ताणू मात्र अजिबात नका. ताणलेलं रबर मागे आकसतं आणि कडा सुटतात. कडेचं जास्तीचं रबर नव्या कटरने एका दमात कापा, कडेला टेप लावा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं. जूनपासून हॉलमध्ये दमट हवा असते, रबरावर बाष्प बसतं आणि चेंडू फिरण्याऐवजी घसरतो. मुलीचा टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरवणारा फटका) अचानक नेटमध्ये जायला लागला तर आधी रबर कोरड्या सुती रुमालाने पुसून बघा. खेळून झाल्यावर ओल्या स्पंजने धूळ काढा, वाळू द्या, मग वर प्लॅस्टिकची फिल्म लावा. बॅट कव्हरमध्येच ठेवा, पण एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत कधीही विसरू नका. सांगली-मिरजेच्या उन्हात तर एका दुपारीत रबर कडक पडतं, गोंद सुटतो.

रबर संपलं का, हे तपासायला चेंडू त्यावर दाबून पुढे ओढा. पकड न घेता सरकला तर रबर गेलं.

चेंडू घेताना '40+' छापलेले प्लॅस्टिकचेच घ्या. छोट्या दुकानांत नुसतं '40' लिहिलेले जुने सेल्युलॉइडचे पडून असतात. त्यांची उसळी वेगळी, आणि ते चटकन पेट घेतात. चेंडूवरचे तारे दर्जा दाखवतात: सरावाला बिनताऱ्याचे डझनभर पुरे, तीन ताऱ्यांचे स्पर्धेपुरते.

बजेट अगदीच कमी असेल तर सुरुवातीला तयार बॅटही चालेल, फक्त रबराला हात लावल्यावर पकड जाणवली पाहिजे. वाचलेल्या पैशांत गम सोलचे (पकड घेणाऱ्या रबरी तळव्याचे) बूट घ्या. धावण्याच्या बुटांची टाच जाड असते, बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो.