डबा तसाच परत जातोय

प्रिय मित्रा,

परवा अभ्यासिकेखाली चहा घेताना तू म्हणालास, "काही नाही दादा, जरा कंटाळा आलाय." तोंडावर बोललो असतो तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय. मेसच्या काकू सांगत होत्या, आठवडाभर तुझा डबा दारात तसाच असतो. कंटाळा आला की माणूस पिक्चरला जातो रे, जेवण टाकत नाही.

मीही याच सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेच्या तीन मुख्य परीक्षा दिल्या. दुसऱ्या निकालानंतर पहाटे ४ वाजता टक्क जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचो. राज्यघटनेचं एकच पान दुपारपर्यंत उघडं. घरून फोन आला की "जोरात चाललंय" म्हणायचं. कांद्याच्या पट्टीतून पैसे पाठवणाऱ्या बापाला, मला रडू येतंय हे कोणत्या तोंडाने सांगणार? आठ महिने मी स्वतःला आळशी म्हणत काढले. (रोज बारा तास खुर्चीत बसणारा आळशी!) त्या आठ महिन्यांचा राग अजून जात नाही.

शेवटी रूममेटने धरून सरकारी रुग्णालयात नेलं. मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर मी तोंडाला रुमाल बांधून बसलो, कोणी ओळखीचं दिसलं तर? आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं ते अगदी साधं. झोप किती, भूक कशी, कधीपासून, घरात कोणाला असा त्रास होता का. आणि मग, मरणाचे विचार येतात का? मी गप्प. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या. बऱ्याच वेळाने मी "हो" म्हणालो. त्या दचकल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण तिथे गडबड असली तरी माणूस असाच खचतो. मग नैराश्यावरची गोळी लिहून दिली.

गोळीबद्दल कट्ट्यावर जे ऐकशील ते सोडून दे. पहिले काही दिवस मळमळलं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मी दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून परस्पर बंद केली आणि पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलो. तू ते करू नकोस. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. समुपदेशकही पहिलाच पटेल असं नाही. मला एकाने "पॉझिटिव्ह राहा" एवढंच सांगितलं, दुसऱ्याकडे गेलो तेव्हा कुठे बोलता आलं.

'रेकॉर्डवर येईल' ही भीती तुलाही असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तुझी माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, मोजके अपवाद सोडून. पॉलिटीत एवढी कलमं पाठ करतोस, हेही एकदा वाच.

उपचार घेतले म्हणून मी पास झालो असं समजू नकोस. तिसरी मुख्यही गेलीच. पण त्या निकालाच्या दिवशी मी जेवलो.

रात्री विचार फार अंगावर आले तर १४४१६ लाव. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं तर एकटा थांबू नकोस. रूममेटला उठव, मला फोन कर, कितीही वाजले असोत. ११२ आहेच.

सोमवारी सकाळी ८ वाजता मी तुझ्या खोलीखाली गाडी घेऊन उभा असेन. केसपेपरची रांग लवकर लागते. झोप, भूक, कधीपासून हे एका चिठ्ठीवर लिहून ठेव, आत गेल्यावर सगळं विसरायला होतं. आंघोळ केली नाहीस तरी चालेल.

आणि आज डब्यातली निदान आमटी तरी पी.

तुझा,
दादा