पिप म्हणते सर्व ठीक आहे, तरी पँडाज इंपोर्ट होत नाही. नमपाय खाली आणले तर ओपनसीव्ही अडते. काय करावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. (नवख्यांसाठी: पिप म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, बसवणारे साधन; पँडाज तक्त्यांसाठी, नमपाय आकडेमोडीसाठी आणि ओपनसीव्ही चित्रांसाठी वापरायची लायब्ररी.) विंडोज लॅपटॉपवर पायथन ३.११ आहे आणि आधीच्या तुकडीने २०२३ मध्ये केलेला प्रकल्प तुम्हाला पुढे न्यायचा आहे. त्यांच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, पँडाजची आवृत्ती २.०.३ अशी बांधून ठेवलेली आहे, ओपनसीव्ही, मॅटप्लॉटलिब आणि सायकिट-लर्न यांची नुसती नावे आहेत, नमपायचा तर उल्लेखही नाही. सर्व काही विनातक्रार इन्स्टॉल झाले आणि ‘पिप चेक’नेही ‘नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड’ असा निर्वाळा दिला, पण ‘इंपोर्ट पँडाज’ची ओळ चालवताच ‘नमपाय.डीटाइप साइज चेंज्ड, मे इंडिकेट बायनरी इनकम्पॅटिबिलिटी. एक्स्पेक्टेड ९६ फ्रॉम सी हेडर, गॉट ८८ फ्रॉम पायऑब्जेक्ट’ असा एरर आला. मग कोणाच्या तरी सल्ल्यावरून तुम्ही नमपाय २.२.६ वरून १.२६.४ वर आणले, तेव्हा ओपनसीव्ही-पायथन ४.१२.०.८८ ला नमपाय २ किंवा त्याच्या पुढचे हवे, अशी लाल अक्षरांतली तक्रार सुरू झाली.

(कमांड आणि एरर मी इथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच रोमन लिपी आणि इंग्रजी अंक वापरावेत.)

या दोन्ही एररचे मूळ एकच आहे. दोन लायब्रऱ्या एकाच नमपायकडून परस्परविरोधी अपेक्षा ठेवून आहेत, आणि त्यांपैकी एकीने आपली अपेक्षा कागदावर नीट लिहिलेली नाही. ओपनसीव्ही ४.१२.०.८८ च्या माहितीपत्रात ‘नमपाय २ पासून पुढे, पण २.३ च्या आत’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. पँडाज २.०.३ च्या माहितीपत्रात, पायथन ३.११ साठी, ‘नमपाय १.२३.२ किंवा पुढचे’ एवढेच आहे. वरची मर्यादा नाही. पिपने दोन्ही अटी जुळवून पाहिल्या, २.२.६ ही आवृत्ती दोन्हींत बसते असे त्याला दिसले, आणि ती त्याने आणून बसवली. पिपच्या दृष्टीने हिशेब चोख होता. पिप लायब्ररी चालवून पाहत नाही. ते फक्त माहितीपत्रे ताडून पाहते, आणि ‘पिप चेक’ही तेवढेच करते, त्यामुळे त्याचा निर्वाळा हा कागदपत्रांपुरता असतो.

आता पँडाजने वरची मर्यादा का लिहिली नाही, हे पाहा, कारण उत्तराचा गाभा तिथेच आहे. पँडाज २.०.३ जून २०२३ मध्ये आले आणि नमपाय २.० हे १६ जून २०२४ रोजी, म्हणजे जवळपास एक वर्षाने. नमपायची पहिली मोठी आवृत्ती २००६ ची; त्यानंतर अठरा वर्षे १ च्या पुढे आकडा गेला नव्हता. पँडाजचा बराचसा भाग सी भाषेतून कंपाइल केलेला, म्हणजे आधीच यंत्रभाषेत उतरवलेला असतो आणि त्या वेळी नमपायच्या आतल्या रचनांची मापे त्यात पक्की होऊन बसतात. २.० मध्ये नमपायने या मापांमध्ये बदल केला. तुमच्या एररमधील ९६ आणि ८८ हे आकडे म्हणजे तीच मापे होत: जुन्या नमपायवर कंपाइल झालेले पँडाज ९६ बाइटची रचना शोधते आणि नवे नमपाय तिथे ८८ बाइटची रचना पुढे करते. जुन्या मापाने शिवलेला सदरा नव्या अंगाला होत नाही, त्यातलाच हा प्रकार. पिप जिथून लायब्रऱ्या उतरवते त्या पायपीआय या संकेतस्थळावर एकदा प्रसिद्ध झालेल्या फाइलचे माहितीपत्र नंतर दुरुस्त करता येत नाही, फार तर ती आवृत्ती मागे घेतल्याची खूण करता येते; त्यामुळे पँडाजच्या चमूला ही उणीव मागाहून लक्षात आली तरी २.०.३ ची फाइल आहे तशीच राहणार. नमपाय २ शी जुळणारे पहिले पँडाज म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आलेले २.२.२.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १७ जून २०२४, सोमवार. शुक्रवारी संध्याकाळी सुरळीत तयार झालेली आमची डॉकर इमेज (कोड आणि लायब्रऱ्यांचे एकत्र बांधलेले गाठोडे) सकाळी नव्याने तयार केली, तर पहिल्याच इंपोर्टला कोसळली, आणि मधल्या दोन दिवसांत कोणी एक ओळही बदललेली नव्हती. पहिला तास मी सहकाऱ्यांचे कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, तपासण्यात घालवला. रविवारी नमपायची नवी आवृत्ती आली होती, आमच्या फाइलमध्ये नमपायचे नावच नव्हते, आणि पिपने नेहमीप्रमाणे उपलब्ध असलेले सर्वांत नवे उचलले होते. तुमच्या आधीच्या तुकडीचेही तेच झाले आहे: २०२३ मध्ये त्यांची फाइल बरोबर होती.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक तपासणी मात्र करा, कारण अशा प्रश्नांत निम्मा वेळ भलत्याच पायथनची डागडुजी करण्यात जातो. ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’ ही कमांड चालवा. तिच्या उत्तरात पिप कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि ते कोणत्या पायथनचे आहे, हे दोन्ही दिसते. नंतर ज्या ठिकाणी एरर येतो तिथेच, म्हणजे (ज्युपिटरसारख्या) नोटबुकमध्ये येत असेल तर नोटबुकमध्येच, ‘इंपोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’ या दोन ओळी चालवा. दोन्ही मार्ग एकाच फोल्डरकडे नेत नसतील, तर तुम्ही एका घराची किल्ली दुसऱ्या घराच्या कुलपात फिरवत आहात. म्हणूनच नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता नेहमी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहावे. जे पायथन कोड चालवणार आहे त्याच्याच पिपला मग काम मिळते.

आता दुरुस्ती. सध्याच्या पायथनमध्ये काढ-घाल करत बसू नका. इतक्या प्रयत्नांनंतर तिथे काय उरले आहे, हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे या प्रकल्पापुरता लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा, तयार करा: ‘पाय -३.११ -एम व्हीएन्व्ह प्रकल्प’. ‘प्रकल्प\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट’ चालवून ते सुरू करा, आणि मग सर्व लायब्रऱ्या एकाच कमांडमध्ये मागा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "पँडाज==२.०.३" "नमपाय<२" "ओपनसीव्ही-पायथन<४.१२" मॅटप्लॉटलिब सायकिट-लर्न

अवतरणचिन्हे शोभेची नाहीत. टर्मिनलला ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे फाइल वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या आज्ञा वाटतात, त्यामुळे ती उघडी ठेवली तर अट पिपपर्यंत पोहोचतच नाही. (एखाद्या फोल्डरमध्ये विचित्र नावाची फाइल सापडली आणि तिच्यात पिपचे आउटपुट असले, तर कोणीतरी अवतरणचिन्हे विसरले होते असे समजावे.)

‘एकाच कमांडमध्ये’ यावर मी भर देतो आहे, त्यालाही कारण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या २०.३ या आवृत्तीपासून पिप सर्व अटी एकत्र सोडवते. त्यापूर्वी ते समोर येईल ते बसवत जाई. पण एकत्र म्हणजे त्या एका कमांडमध्ये मागितलेल्या लायब्रऱ्यांच्या आणि त्यांना लागणाऱ्यांच्या अटी. आधीपासून बसलेल्या इतर लायब्रऱ्यांचा विचार ते करत नाही, आणि तसे ते स्वतःच सांगते: तुम्हाला दिसलेल्या लाल मजकुराची सुरुवात ‘पिप्स डिपेंडन्सी रिझॉल्व्हर डझ नॉट करंटली टेक इनटू अकाउंट ऑल द पॅकेजेस दॅट आर इन्स्टॉल्ड’ अशीच असणार. तुम्ही फक्त नमपायला खाली आणायला सांगितले, पिपने ते आणले, आणि जाता जाता ओपनसीव्हीची अट मोडल्याचे कळवले. त्या लाल मजकुराच्या खालची ओळ बहुतेकजण वाचतच नाहीत. तिथे ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड नमपाय-१.२६.४’ असे लिहिलेले असते. म्हणजे एरर दिसला तरी बदल झालेला असतो. वरच्या कमांडमध्ये तिन्ही अटी एकदम दिल्यामुळे पिप ओपनसीव्हीची ४.११ मालिकेतील आवृत्ती निवडेल, तिला नमपाय १.२६.४ चालते, आणि मॅटप्लॉटलिब व सायकिट-लर्न यांच्याही त्याला साजेशा आवृत्त्या ते स्वतः शोधून काढेल.

दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे: नमपाय २ आणि ओपनसीव्ही ४.१२ तसेच ठेवून पँडाज २.२.२ किंवा त्यापुढच्या २.२ मालिकेतील आवृत्तीवर न्यायचे. प्रकल्प पुढे वर्षभर वाढवायचा असेल तर शेवटी हेच करावे लागेल. मात्र नमपाय २ ने काही जुनी नावे काढून टाकली आहेत. आधीच्या तुकडीच्या कोडमध्ये ‘एनपी.एनएएन’ (एनपी हे कोडमधले नमपायचे लघुरूप) लहान-मोठ्या अक्षरांच्या मिश्र रूपात किंवा ‘एनपी.फ्लोट_’ असे काही असेल, तर इंपोर्टचा प्रश्न सुटेल आणि कोड पुढच्या ओळीवर अडेल. अशी नावे शोधून देणारा ‘एनपीवाय२०१’ हा नियम रफ या कोड तपासणाऱ्या साधनात आहे, तो आधी चालवून पाहावा. सादरीकरण जवळ आले असेल, तर माझे मत स्पष्टपणे पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे: आधी जुने निकाल जसेच्या तसे मिळवा आणि दुसरा प्रयोग वेगळ्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये करा.

या भरात पायथन मात्र बदलू नका. ३.१२ किंवा त्यापुढचे घेतले तर सुटेल, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पण पँडाज २.०.३ च्या तयार फाइली, ज्यांना व्हील म्हणतात, त्या पायथन ३.११ पर्यंतच आहेत. पुढच्या पायथनवर पिपला व्हील सापडत नाही, म्हणून ते मूळ कोडचे ‘.टार.जीझेड’ गाठोडे उतरवते आणि तुमच्या लॅपटॉपवर कंपाइल करू पाहते. मग ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ असा एरर येतो, आणि लोक काही जीबींची साधने उतरवून बसतात. आउटपुटमध्ये ‘.टार.जीझेड’ दिसले की तिथेच थांबावे आणि त्या आवृत्तीचे व्हील आपल्या पायथनसाठी आहे का, हे पायपीआयच्या पानावर पाहावे. कमांडमध्ये ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ जोडले, तर पिप कंपाइलच्या भानगडीत पडतच नाही, सरळ नकार देते, आणि असा नकार पुढच्या अर्ध्या तासाच्या गोंधळापेक्षा बरा.

‘--नो-डेप्स’ आणि ‘--फोर्स-रीइन्स्टॉल’ हे पर्याय तुम्ही वापरल्याचे लिहिले आहे. पहिला अटी तपासणेच बंद करतो, दुसरा तीच विसंगत जोडी पुन्हा नव्याने बसवतो. इथे दोन्हींचा उपयोग नाही. तसेच प्रयत्नांच्या ओघात ओपनसीव्ही-पायथन आणि ओपनसीव्ही-काँट्रिब-पायथन ही दोन्ही बसवली गेली असतील, तर ती दोन्ही ‘सीव्ही२’ या एकाच फोल्डरमध्ये आपापल्या फाइली टाकतात आणि एकमेकांवर लिहितात. नव्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये दोहोंपैकी एकच ठेवा.

नोटबुक वापरत असाल तर नव्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये ‘आयपायकर्नल’ही बसवावे लागेल आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये वर उजवीकडे कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारे पायथन) म्हणून तेच निवडावे लागेल. त्यानंतर कर्नल रीस्टार्ट करायला विसरू नका. आधी इंपोर्ट झालेले नमपाय मेमरीत तसेच राहते, आणि सर्व दुरुस्त होऊनही जुनाच एरर दिसत राहतो. यात मी स्वतः एकदा दुपार घालवली आहे.

सर्व चालू लागले की ‘पायथन -एम पिप फ्रीझ’चे आउटपुट, म्हणजे बसलेल्या सर्व लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, वेगळ्या फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल कोडसोबत ठेवा, मूळ रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये ‘नमपाय<२’ आणि ‘ओपनसीव्ही-पायथन<४.१२’ या दोन ओळी कारणासह, म्हणजे पुढे टीप लिहून, घाला, म्हणजे पुढच्या तुकडीला त्या कशासाठी आहेत ते कळेल.

इतके करूनही एरर राहिला, तर एररची शेवटची ओळ एकटीच पाठवू नका. ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’, ‘पायथन -एम पिप लिस्ट’ आणि पूर्ण ट्रेसबॅक (एररसोबत येणारा सगळा मजकूर), अशी तिन्ही आउटपुटे मजकूर म्हणून इथे लिहा. मोबाइलवर काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत फोल्डरचे मार्ग वाचता येत नाहीत.