जुना बेस बर्नर घर तापवायला वापरायचा असेल, तर सुरुवात चिमणीपासून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीच्या बाजूला जुनं घर घेतलंय. तळघरात निकेलची नक्षी आणि अभ्रकाच्या खिडक्या असलेला उंच, गोल कोळशाचा स्टोव्ह सापडलाय. तो नीट करून खालचा मजला तापवायचाय आणि जानेवारीत आई-बाबा सांगलीहून यायच्या आत चालू व्हायला हवाय. जुन्या वस्तूंच्या दुकानात तुम्हाला सांगितलं, "घासून पॉलिश मारा, झालं." स्टोव्ह चालू होईल, पण हा क्रम उलटा आहे. आधी चिमणी, मग सांधे, मग जाळी आणि पॉलिश सगळ्यात शेवटी.

वर्णनावरून हा बेस बर्नर दिसतो. त्याच्या मधोमध वरून खाली लोंबणारी बिडाची नळी असते, तिला मॅगझिन म्हणतात. वरून कोळसा भरायचा, खालचा जळेल तसा वरचा आपोआप उतरतो. जॉर्डन मॉट यांनी न्यूयॉर्कमध्ये १८३०च्या दशकात अशा स्वतःच कोळसा ओढून घेणाऱ्या स्टोव्हचा पाया घातला. पुढे हडसनकाठच्या ऑल्बनी आणि ट्रॉय या शहरांनी स्टोव्हचा केवढा तरी मोठा धंदा उभा केला. ऑल्बनीची ओतकामाची वाळू इतकी बारीक की बिडात पानाची शीरन् शीर उठते. ही नक्षी सँडब्लास्टिंगवाल्याच्या हाती देण्याआधी दहादा विचार करा. साध्या पत्र्याला ते चालतं, पण निकेलचा मुलामा एका फटकाऱ्यात जातो.

कोळसा एकच चालेल, अँथ्रासाइट, म्हणजे कडक दगडी कोळसा, आणि तुम्ही तर त्याच्या माहेरीच राहता. १८०८ साली जेसी फेल यांनी उघड्या जाळीवर तो जाळून दाखवला, ते विल्क्स-बॅरीतच. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा पाहिलेल्या माणसाला हा कोळसा वाटतच नाही. काचेसारखा चकाकतो, हाताला फारसं काळं लागत नाही आणि पेटता पेटत नाही. त्यात उडून जाणारे वायू फार कमी, म्हणून धूर जवळपास नाही, काजळी नाही. मऊ कोळसा या स्टोव्हमध्ये कधीही घालू नका. तो तापल्यावर फुगतो, एकमेकाला चिकटतो आणि मॅगझिनमध्ये अडकून बसतो. मग खाली आग विझत जाते आणि वर वायू साठतो. मागवताना 'नट' किंवा 'चेस्टनट' आकार मागा, साधारण २ ते ४ सेंटिमीटरचे तुकडे. 'राइस' किंवा 'बकव्हीट' घेऊ नका, ते जाळीतून सरळ राखेत पडतात.

आता चिमणी. धूर नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, उलट धोका नाकाला कळत नाही. अँथ्रासाइटच्या थरातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वरच्या निळ्या ज्योती म्हणजे तोच जळत असतो. ज्योती विझल्या आणि चिमणीने ओढलं नाही, तर तो खोलीत येतो. म्हणून चिमणीत कॅमेरा घालून आतलं मातीचं अस्तर तपासून घ्या. जुन्या घरांत अस्तर बऱ्याचदा नसतंच, किंवा सांध्यांत फुटलेलं असतं. स्टीलचं अस्तर बसवणार असाल तर ते कोळशासाठी चालतं का, हे लेखी विचारा. कोळशातलं गंधक आणि ओल मिळून आम्ल बनतं आणि हलकं स्टील खाऊन टाकतं. ओढ मोजायला मॅनोमीटर बसवा. पाण्याच्या १ ते १.५ मिलिमीटर उंचीइतकी ओढ स्थिर मिळाली की काम होतं. वाऱ्याच्या दिवशी ती वाढते म्हणून पाइपात बॅरोमेट्रिक डँपर लावा, तो जादा ओढ आपोआप कापतो. बाहेर तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ओढ पडते. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये हा स्टोव्ह मंद ठेवण्यापेक्षा बंद ठेवलेला बरा.

चिमणी पास झाली की स्टोव्ह पूर्ण उघडा. आधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, खडूने आकडे घाला. बोल्ट गंजून एकजीव झालेले असतील. त्यांच्याशी पान्याने कुस्ती खेळू नका. बीड ठिसूळ असतं, बोल्ट सुटायच्या आधी कान तुटतो. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस मुरू द्या. मग नटला टॉर्चने ऊब द्या, तरीही ऐकत नसेल तर नट कापून टाका. नवा बोल्ट स्वस्त आहे, तुटलेला कान नाही. एक गोष्ट मात्र हात लावण्याआधी: सांध्यांतला पांढरट-करडा जुना लगदा किंवा दोरी सुकी खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. थोडा नमुना ओला करून पिशवीत घाला आणि तपासायला द्या. मागच्या भिंतीवर पांढरा जाड पुठ्ठा ठोकलेला असेल तर त्याचंही तेच.

सांधे हा सगळ्या कामाचा गाभा आहे. काकांना, म्हणजे तुमच्या बाबांना, जुना पाण्याचा बंब आठवत असेल, खालच्या जाळीला हवा मिळाली की मधल्या नळीतला जाळ फोफावतो. इथेही आग खालच्या हवेवर चालते, फक्त ती हवा तुम्ही फिरवाल त्या हवेच्या एका चकतीतूनच यायला हवी. जाळीच्या खाली कुठे फट असेल तर आग तुमचं ऐकणार नाही, रात्री मंद करता येणार नाही. फट आगीच्या वर असेल तर थंड हवा शिरून चिमणी गार पडते आणि ओढ जाते. बेस बर्नरमध्ये तर गरम वायू मागच्या नळीतून तळापर्यंत उतरून पुन्हा वर जातात, म्हणून तळाचे सांधेही तितकेच महत्त्वाचे. जुना लगदा काढून खाच स्वच्छ करा, नवं फर्नेस सिमेंट भरा, दारांना काचतंतूची दोरी लावा. मॅगझिनचं झाकण घट्ट बसतं का तेही बघा, वायू तिथूनही निसटतो. मग रात्री खोलीत अंधार करून स्टोव्हच्या पोटात दिवा लावा आणि चारी बाजूंनी फिरा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे पुन्हा सिमेंट. डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा घुमटाच्या पन्हाळीतून केसाएवढी रेघ बाहेर येते, तेव्हा ही तपासणी का करायची ते पटतं.

फायरपॉटला, म्हणजे आग ज्यात जळते त्या बिडाच्या भांड्याला, तडा असेल तर पितळेने जोडायला देऊ नका. ते काम नक्षीच्या भागावर ठीक, पण आगीच्या जागी पितळ टिकत नाही. अख्खा भाग भट्टीत तापवून बिडानेच जोडणारे कारागीर असतात. नाहीतर नवा ओतून घ्यावा. जुनाच भाग साचा म्हणून वापरला, तर नवा भाग फुटामागे सुमारे ३ मिलिमीटर लहान निघतो, कारण बीड थंड होताना आकसतं. फायरपॉटला ते खपतं, जाळीच्या दांड्याला नाही. फाउंड्रीला हे आधी सांगा, म्हणजे साच्यावर तेवढी भर घालतील.

निकेल उडालं असेल तर मुलामा देणाऱ्याला 'निकेलच, क्रोम नको' असं ठणकावून सांगा. क्रोम निळसर दिसतं, निकेलला किंचित पिवळी झाक असते. खिडक्यांना साधी काच नको, तडकेल. अभ्रकच लावा. एकेकाळी कोडरमा-गिरिडीहचा अभ्रक जगभर जायचा, आजही त्याचे तक्ते मिळतात आणि कात्रीने कापता येतात.

बसवताना जागा सोडा. प्रमाणपत्र नसलेल्या अशा स्टोव्हला लाकूड, पडदे किंवा सोफा यांपासून ३६ इंच अंतर लागतं, एकपदरी पाइपाला १८ इंच. खाली न जळणारी फरशी हवी, आणि वजन २०० किलोच्या पुढे सहज जातं, म्हणून तळघरातून वासे बघून घ्या. गावची परवानगी आणि विमा कंपनीचा होकार कामाला हात घालण्याआधी, आणि लेखी. काही कंपन्या सरळ नाही म्हणतात, तेव्हा हौस बाजूला ठेवून प्रमाणपत्र असलेला नवा कोळशाचा स्टोव्ह घ्या आणि हा दिवाणखान्यात शोभेला ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

पेटवताना मागचा डँपर, म्हणजे वायूंची वाट बदलणारी झडप, थेट चिमणीच्या मार्गाला ठेवा, लाकडाचा चांगला निखारा होऊ द्या, त्यावर थोडा थोडा कोळसा घाला आणि निळ्या ज्योती धरल्यावरच फायरपॉट काठोकाठ भरा. मग डँपर फिरवा, म्हणजे वायू तळाच्या वाटेने जातील. लाकडासारखा वरून डिवचू नका, अँथ्रासाइट रुसतो आणि विझतो. सकाळ-संध्याकाळ खालून जाळी हलवायची, राखेत लाल निखारे पडू लागले की थांबायचं. दिवसाला १८ किलोची एक गोणी जळली आणि सत्तर टक्के उष्णता खोलीत आली, तर चोवीस तास चालणाऱ्या चार किलोवॅटच्या हीटरएवढी ऊब मिळते. खालच्या मजल्याला बहुतेक पुरेल.

काका-काकूंना दोनच गोष्टी सांगा. राखेचं दार कधीही उघडं सोडायचं नाही, कारण पूर्ण हवा मिळाली की काही मिनिटांत स्टोव्ह लाल होतो. आणि अलार्म वाजला की काही न शोधता आधी घराबाहेर पडायचं. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर, त्यातला एक त्यांच्या झोपायच्या खोलीबाहेर. राखेचा ट्रे मात्र तुम्हीच रोज रिकामा करा. राख जाळीला टेकली की खालची थंड हवा अडते आणि जाळी वाकते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. आत निखारे बराच काळ जिवंत राहतात.

हंगाम संपला की त्याच आठवड्यात पाइप काढून धुवा आणि मागच्या नळ्यांतली राख झाडा. उन्हाळ्यातली दमट हवा आणि ती राख मिळून पाइपाला एका मोसमात भोकं पाडतात.

जाळी उलटी करून तिच्यावर ओतलेला नंबर आणि मागच्या डँपरचा फोटो इथे टाका. त्यावरून कोणत्या कारखान्याचा आहे आणि जाळी तयार मिळेल की ओतून घ्यावी लागेल, ते सांगतो.